सायकल रोजची, स्वार रोजचा

ज्या वस्तूंवांचून रोजचा दिवस अडतो, त्यांच्याविषयींच घरोघरीं मतभेद अधिक असतात. भाताला तांदूळ नवा कीं जुना, पाणी माठांतलें कीं तांब्याच्या घागरींतलें, हे वाद आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. त्यांच्याच पंगतीला बसणारा आणखी एक वाद अलीकडे पुन्हां ऐकूं येऊं लागला आहे. कामावर जाण्यायेण्याला खरी सायकल कोणती, आणि तिच्यावर बसणारा खरा सायकलस्वार कोण, हा तो वाद. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. पुढें स्वयंचलित दुचाक्या घरोघर झाल्या आणि सायकल जिन्याखालच्या अडगळींत जाऊन पडली. २०२० सालच्या साथीनंतर मात्र पुष्कळ घरांत नवी सायकल आली, आणि ती दारांत उभी राहतांच घरांतील प्रत्येकाला तिच्याविषयीं स्वतंत्र मत असल्याचें आढळून आलें. आजोबा म्हणतात, "ही कसली सायकल? हिला ना मडगार्ड, ना कॅरिअर!" नातू म्हणतो, "आजोबा, तुमची ती सायकल नव्हे, लोखंडी पलंग आहे." सूनबाई हळूच विचारतात, "या दोहोंपैकीं साडी नेसून बसतां येईल अशी कोणती?" या तिसऱ्या प्रश्नाला बहुधा कोणीच उत्तर देत नाहीं. आम्ही या लेखांत तें देण्याचा प्रयत्न करणार आहों.

पूर्वपक्ष पुरता मांडल्यावांचून सिद्धान्त सांगूं नये, ही आपली जुनी शिस्त आहे. तिला अनुसरून प्रथम एकेका पक्षाचें म्हणणें ऐकून घेऊं.

पहिला पक्ष काळ्या सायकलीचा. हल्लींच्या सायकलीचें मूळ रूप इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यांनीं १८८५ सालीं सिद्ध केलें. दोन सारख्या उंचीचीं चाकें आणि मागच्या चाकास साखळीनें मिळणारी गति, ही ती रचना. १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यांनीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें आणि हाडें खिळखिळीं करणारें हें वाहन बसण्याजोगें झालें. किर्लोस्कर बंधूंनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान घातलें तेंहि त्याच सुमारास. ज्या नांवानें पुढें शेतकऱ्याच्या घरीं लोखंडी नांगर गेला, त्या नांवाचा उद्योग सायकलीपासून सुरू झाला, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. त्या काळीं सायकल ही श्रीमंतांची हौस होती. पुढें ती कारकुनाची, शिक्षकाची, पोस्टमनची आणि गिरणीकामगाराची झाली. तिचा घाट ठरून गेला तो असा: २८ इंची चाकें, लोखंडी सळ्यांचे ब्रेक, साखळीवर झांकण, मागें कॅरिअर, खालीं भक्कम स्टँड आणि वजन सुमारें २० किलो.

या पक्षाचें म्हणणें असें कीं, सायकल ही बैलाप्रमाणें ओझ्याला टिकली पाहिजे. कॅरिअरवर दळण, हँडलला भाजीची पिशवी, पुढच्या नळीवर धाकटें मूल, आणि तरीहि जी डगमगत नाहीं ती सायकल. साखळीवर झांकण असल्यामुळें धोतराचा सोगा किंवा पाटलोणीचा पाय तींत अडकत नाहीं. मडगार्ड असल्यामुळें पावसाळ्यांत कचेरींत शिरतांना पाठीवर चिखलाची रेघ नसते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिचें दुखणें कोपऱ्यावरच्या दुकानांत बरें होतें. पंक्चर काढणें, चाकाचा आउट काढणें, छर्रे बदलणें, वालट्यूब घालणें, यांसाठीं तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावें लागत नाहीं.

हें सर्व मान्य करूनहि तिच्या उणीवा झांकतां येत नाहींत. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दांते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यांत ही सायकल सुमारें साडेपांच मीटर पुढें जाते. सपाट रस्त्यावर हें प्रमाण उत्तम. चढावर तेंच छातीवर येतें आणि स्वार उतरून चालूं लागतो. पावसांत तिच्या गुळगुळीत पोलादी कडेवर ब्रेकचे रबर नीट धरत नाहींत. त्यामुळें कोरड्या रस्त्यावर जेथें ती थांबली असती, त्याच्या बरीच पुढें जाऊन थांबते. शिवाय तिची आडवी नळी उंच. घरांतील उंच पुरुषाच्या मापानें ती घेतली जाते आणि बाकीच्यांनीं तिच्याशीं जुळवून घ्यावें, अशी अपेक्षा असते. नळीखालून पाय घालून, तिरकें होऊन सायकल शिकलेलीं मुलें आपण सर्वांनीं पाहिलेलीं आहेत. त्यांचें कौतुक करावें तेवढें थोडें. पण तें कौतुक मुलांचें आहे, सायकलीचें नव्हे.

दुसरा पक्ष हलक्या आणि गिअरच्या सायकलीचा. हा वादहि आजचा नव्हे. फ्रान्समध्यें 'वेलोसियो' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या पॉल द विव्ही यांनीं बदलत्या गिअरांचा जन्मभर पुरस्कार केला. उलट १९०३ सालीं टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांच्या मतें गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीं होते. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणारी यंत्ररचना त्या शर्यतींतील नामांकित स्वारांना १९३७ सालीं प्रथम मोकळी झाली. तोंवर डोंगराच्या पायथ्याशीं स्वार उतरत, मागचें चाक काढीत, तें उलटें बसवून दुसऱ्या बाजूचें चक्र वापरीत आणि मग चढूं लागत. जगांतील निवडक बलवंतांनाहि चढावर जर इतका खटाटोप करावा लागे, तर दिवसभर खुर्चीवर बसून लेखणी चालवणाऱ्या माणसानें गिअर वापरण्यांत कमीपणा कसला?

या पक्षाचा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटतो. वजन ८-१० किलोंनीं कमी झालें कीं तिसऱ्या मजल्यावर सायकल उचलून नेणें शक्य होतें. आणि आजच्या इमारतींत खालीं ठेवलेल्या सायकलीची शाश्वति किती, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु या पक्षाचेहि दोष आहेत. शर्यतीची ऐट आणण्यासाठीं पुष्कळ हलक्या सायकली मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि घंटी यांवांचूनच विकल्या जातात. म्हणजे ओझें पाठीवर आणि पाठ घामानें भिजलेली! बारीक टायरला खड्डा सोसत नाहीं, आणि त्याच्या निमुळत्या व्हॉल्व्हला कोपऱ्यावरच्या दुकानांतील पंप लागत नाहीं. जी सायकल रविवारीं सकाळीं सिंहगडच्या पायथ्यापर्यंत आनंदानें नेते, ती सोमवारीं कचेरींत नेईलच, असें नाहीं.

तिसरा पक्ष आपल्याकडे कमी ऐकूं येतो. पण तो ऐकण्यासारखा आहे. हॉलंडांत सुमारें १ कोटि ८० लाख वस्ती आणि सायकली त्याहूनहि अधिक आहेत. तेथील लोकांच्या एकंदर प्रवासखेपांपैकीं पाव हिस्स्याहून अधिक खेपा सायकलवर होतात. तेथें रोजच्या वापराची जी अगदीं साधी सायकल आहे, तिला डच भाषेंत 'ओमाफीत्स', म्हणजे 'आजीची सायकल' असें नांव आहे. तिची नळी खालीं वांकवलेली असते, त्यामुळें पाय उंच न टाकतां बसतां येतें. पाठ ताठ, हात सैल, साखळी पूर्ण झांकलेली, चाकावर कपडा अडकूं नये म्हणून बाजूस आच्छादन आणि कुलूप चाकालाच जोडलेलें. नांव आजीचें असलें तरी तिच्यावरून महाविद्यालयांतील तरुणहि जातात आणि त्यांत त्यांना लाज वाटत नाहीं. आपल्याकडे मात्र या घाटाच्या सायकलीला 'लेडीज सायकल' म्हणून घरांतल्या मुलानें तिला हात लावूं नये असा संकेत पडला, आणि ज्या घरांत एकच सायकल घ्यावयाची तेथें ती आडव्या नळीचीच घेतली गेली. वस्तुतः जी सायकल सर्वांना वापरतां येते ती सर्वांची, आणि जी एकालाच वापरतां येते ती त्या एकाची, हें साधें गणित आहे.

चौथा पक्ष विजेच्या सायकलीचा. २५० वॅटपेक्षां कमी शक्तीची मोटर आणि ताशीं २५ किलोमीटरच्या आंतील वेग, या मर्यादेंतील सायकलीस आपल्या देशांत नोंदणी किंवा परवाना लागत नाहीं. जुन्या पक्षाचे लोक विचारतात कीं यांत कष्ट कोठें राहिले? त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, कामावर जाणें हें तप नव्हे. साठी उलटलेल्या गृहस्थांना किंवा चढावर राहणाऱ्या शिक्षिकेला या मोटरीमुळें जर सायकल पुन्हां धरतां आली, तर तें यंत्र धन्य होय. मात्र बॅटरी कांहीं वर्षांनीं बदलावी लागते आणि तिची किंमत लहान नसते, हें घेतांनाच ध्यानांत ठेवावें.

आतां सिद्धान्त. आपल्या शास्त्रकारांनीं अधिकारभेद मानिला आहे: एकच साधन सर्वांस सारखें लागू पडत नाहीं, ज्याचा जसा अधिकार, तसें त्याचें साधन. सायकलीच्या बाबतींत चारहि पक्षांची चूक एकच होते. प्रत्येक जण आपल्या रस्त्यावरून सर्वांचा रस्ता ओळखूं पाहतो. म्हणून सायकल घेण्यापूर्वीं घरांत चार प्रश्न विचारावे. रोजचा रस्ता किती लांब आणि त्यांत चढ किती? अंगावर कपडे कोणते आणि बरोबर ओझें काय? बिघडली तर ती कोण व किती वेळांत दुरुस्त करील? आणि तिच्यावर घरांतील किती जण बसणार? या प्रश्नांचीं उत्तरें जी सायकल देईल ती योग्य. मग ती काळी असो वा लाल, गिअरची असो वा बिनगिअरची. बहुतेक शहरी घरांपुरतें आमचें मत विचाराल तर असें: खालच्या नळीची, मध्यम जाड टायरची, मडगार्ड, कॅरिअर आणि साखळीचें झांकण असलेली, पावसांत धरणाऱ्या ब्रेकांची, आणि रस्त्यांत चढ असल्यास मागच्या चाकाच्या तुंब्यांतच तीन गिअर बसवलेली सायकल घ्यावी. ही तीन गिअरांची युक्ति इंग्लंडांत विसाव्या शतकाच्या आरंभींच स्टर्मी-आर्चर या नांवानें निघाली आणि अद्याप जुनी झालेली नाहीं. सूनबाईंच्या प्रश्नाला आमचें उत्तर हेंच. आणि ही सायकल आजोबा व नातू या दोघांनाहि चालेल, हा तिचा विशेष.

वादाचा दुसरा भाग सायकलस्वाराविषयींचा. तो अधिक गंभीर आहे. कारण सायकल चुकली तर पैसे जातात, स्वाराविषयीं समजूत चुकली तर माणूस जातो.

कोणी म्हणतात, डोक्यावर शिरस्त्राण नाहीं तो खरा सायकलस्वारच नव्हे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यानें १९९० सालीं तें सक्तीचें केलें. उलट हॉलंडांत कामावर जाणाऱ्यांच्या डोक्यावर तें क्वचितच दिसतें. आपल्या रस्त्यांची अवस्था पाहतां तें घालावें, असेंच आम्ही सांगूं. परंतु शिरस्त्राण पडल्यानंतर उपयोगीं पडतें. दिवा पडण्यापूर्वीं उपयोगीं पडतो. जुन्या पुण्यांत बिनदिव्याच्या आणि डबलसीट सायकलस्वाराला पोलीस अडवीत, याच्या आठवणी जुनीं माणसें अजून हंसत हंसत सांगतात. त्या आठवणींतील विनोद सोडला, तरी दिव्याविषयींचा तो आग्रह योग्यच होता.

दुसरा मतभेद रस्त्याविषयीं. अमेरिकेंत जॉन फॉरेस्टर यांनीं १९७० नंतरच्या दशकांत असें प्रतिपादन केलें कीं, सायकलस्वारानें इतर वाहनचालकांप्रमाणेंच वागावें, रस्त्याच्या कडेला चोरासारखें न जातां आपली जागा घ्यावी, आणि इतरांनींहि त्याला वाहनचालकच मानावें. हें मत धीट आहे, आणि धडधाकट माणसाला तें शोभतेंहि. परंतु दहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा यांनीं बसच्या पुढ्यांत आपली जागा घ्यावी, असें कोणतें घर म्हणेल?

हॉलंडनें निराळा मार्ग धरला, तो सुखासुखी नव्हे. तेथेंहि मोटारी वाढल्या आणि १९७१ या एका वर्षांत रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा', हेंच त्यांच्या चळवळीचें नांव होतें. १९७३ सालीं तेलाची टंचाई आली आणि मोटारीवांचून रविवार कसा जातो, हें सर्वांनीं पाहिलें. त्यानंतर वर्षानुवर्षें पैसा खर्चून सायकलींसाठीं निराळे रस्ते बांधले गेले. अलीकडच्या वर्षांत तेथील रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या सातशेंच्या आसपास असते. आपण हॉलंडच्या सायकली पाहून सुस्कारे टाकतों. परंतु त्या रस्त्यांचा पाया तेथील आयांनीं शोक करून घातला आहे, हें विसरतों. आपल्याकडेहि कांहीं रस्त्यांच्या कडेनें सायकलमार्ग आंखलेले आहेत. त्यांवर कोठें गाड्या उभ्या असतात, कोठें विजेचा खांब असतो, आणि कोठें मार्ग अचानक संपतो. अशा मार्गावर जो जात नाहीं त्याला दोष देणें सोपें आहे. पण तो दोष त्याचा नव्हे.

आतां खरा सायकलस्वार कोण? मुंबईच्या अदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तीन पारशी तरुणांनीं १९२३ ते १९२८ या काळांत सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती सुमारें ७० हजार किलोमीटर भरली. हा पराक्रम थोर आहे, यांत शंका नाहीं. पण जरा हिशेब करून पाहा. घरापासून ५ किलोमीटरवर कामाला जाणारा माणूस रोज १० किलोमीटर सायकल चालवतो. वर्षांतले ३०० दिवस धरले तर ३ हजार किलोमीटर झाले, आणि तीस वर्षांच्या नोकरींत ९० हजार! म्हणजे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत जो कामगार हयातभर सायकलवर गेला असेल, त्यानें या प्रदक्षिणेहून मोठा प्रवास केला. त्याच्या स्वागताला कोणी हार घेऊन आलें नाहीं. त्याला स्वतःलाहि आपण सायकलस्वार आहों असें कधीं वाटलें नसेल; तो फक्त कामावर जात होता.

२०११ च्या शिरगणतींत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामें करणाऱ्या लोकांपैकीं सुमारें १३ टक्के लोक कामावर सायकलनें जात असल्याची नोंद आहे. या लोकांत पहांटे वर्तमानपत्र टाकणारा मुलगा आहे, इमारतीचा रखवालदार आहे, गवंडी आहे, आणि चार घरीं धुणींभांडीं करणारी बाईहि आहे. कोणती सायकल शोभते, कपडे कोणते असावे, या चर्चेंत यांच्यापैकीं कोणालाहि मत विचारलेलें नसतें. ज्याला दुसरें वाहन आहे तो सायकलची निवड करतो. ज्याला नाहीं तो सायकलवर जगतो. रस्ता सुधारावयाचा तर या दुसऱ्याच्या मापानें सुधारला पाहिजे. त्याला जो रस्ता निर्धोक, तो आपल्या घरच्या मुलालाहि निर्धोकच असणार.

घरच्या मुलींविषयीं एक शब्द लिहून पुरें करतों. बिहार सरकारनें २००६ सालीं नववींत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठीं पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं तिचा अभ्यास करून २०१७ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें माध्यमिक शाळेंत नांव घालणाऱ्या मुलींचें प्रमाण या योजनेनें सुमारें ३२ टक्क्यांनीं वाढलें. शाळा पूर्वीं होती तेथेंच होती. सायकलीनें ती जवळ आणली. त्या सायकलींना गिअर होते कीं नाहीं, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं.

तेव्हां ज्या घरांत सायकल आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना आमची विनंती अशी. येत्या रविवारीं ती जिन्याखालून बाहेर काढावी, साखळीला तेल द्यावें, ब्रेकचे रबर झिजले असल्यास बदलावे, पुढें पांढरा आणि मागें तांबडा दिवा लावून घ्यावा. मग सीट खालीं करून घरांतील ज्या मुलीला किंवा सुनेला आजवर ती कोणी दिली नसेल, तिच्या हातीं ती द्यावी. आणि आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकांना एक पत्र टाकून विचारावें कीं, आमच्या दारापासून शाळेपर्यंत ही मुलगी सायकलवर एकटी जाऊं शकेल असा रस्ता केव्हां होणार?